डिझेल वाढवणं सोपं, हवा कुठून आणणार?

वाचकाचं पत्र : माझ्याकडे दोन ॲक्सलचा मालट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडर, ५.७ लिटर, कॉमन रेल टर्बो डिझेल. कागदावर १८० हॉर्सपॉवर आणि ७०० न्यूटन मीटर टॉर्क. एकूण वजन १६ टन, गिअरबॉक्स मॅन्युअल. ईजीआर (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आहे, धुराच्या पाइपात फिल्टरची जाळी आहे, युरियाची टाकीही आहे. लांब चढावर भरलेली गाडी अक्षरशः रांगते. एक जण वायरिंगमध्ये जोडायची छोटी पेटी देतोय, दहा मिनिटांत ४० हॉर्सपॉवर वाढतील म्हणतो. दुसरा म्हणतो ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिमॅप करतो, म्हणजे त्यातले आकडे बदलतो, ईजीआर बंद करतो आणि जाळी काढून टाकतो. कुणाचं ऐकू? सोबत काय बदलावं लागेल? मोकळा एअर फिल्टर बसवला तर उपयोग होतो का? आणि मुख्य म्हणजे इंजिन बसणार नाही ना?

उत्तर : पेटी नको. जाळी काढणंही नको. रिमॅप चालेल, पण १० ते १५ टक्क्यांपर्यंतच, आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवल्याशिवाय तोही नाही. कारणं आता सविस्तर बघू, कारण ती कळली की समोरचा ट्यूनर कामाचा आहे की नुसता लॅपटॉपवाला, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

आधी एक हिशेब करा. १६ टनांची गाडी ६ टक्क्यांच्या चढावर (१०० मीटर पुढे, ६ मीटर वर) ओढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण ९,४०० न्यूटन आणि टायरच्या रोधासाठी आणखी १,२०० न्यूटन बळ लागतं. तुमचे १८० हॉर्सपॉवर म्हणजे १३२ किलोवॅट. त्यातून फॅन, अल्टरनेटर, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचा वाटा गेला की चाकांपर्यंत ११० किलोवॅटच्या आसपास पोचतात. म्हणजे गाडी या चढावर ताशी ३७ किलोमीटरने चढायला हवी. गिअरच्या पायऱ्यांमुळे दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतील, पण ३० च्या खाली येत असेल तर ताकद कमी नाहीये, कुठेतरी गळतेय. अशा गाडीला ट्यूनिंग नाही, दुरुस्ती लागते. आणि वजन खरोखर १६ टनच असतं ना? २० टन भरले तर हाच आकडा ३० वर येतो, त्यात इंजिनाचा काय दोष.

आता १५ टक्के पॉवर वाढवली तर ३७ चे ४२-४३ होतात. पाच किलोमीटरचा चढ आठ मिनिटांऐवजी सात मिनिटांत संपतो. मिळकत एवढीच. खरा फायदा वेळेपेक्षा गिअरमध्ये आहे: मधल्या आरपीएमला टॉर्क वाढला तर दर वळणाला गिअर खाली घ्यावा लागत नाही. म्हणून ट्यूनरला 'हॉर्सपॉवर किती वाढेल' विचारण्यापेक्षा '१,२०० ते १,८०० आरपीएममध्ये टॉर्क किती आणि कसा वाढेल' हे विचारा.

आधी गळती शोधा

सगळ्यात आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचा मार्ग तपासा. नुसतं बघून भागत नाही. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला रबरी बूच घट्ट बसवा, त्यातून १ बार दाबाची हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. दाब १ बारच्या वर नेऊ नका आणि बुचासमोर उभे राहू नका, ते निसटलं तर हातच फोडेल. क्रँककेसच्या ब्रीदरमधून थोडा फुसफुस आवाज येईल, तो चालतो. एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो, रिंगांच्या फटीतूनही हवा थोडी उतरते. होजच्या जोडावर फुगे मात्र एकही नको. गळकी जागा बऱ्याचदा कोरडी असतानाच ओळखू येते. इंटरकूलरच्या खालच्या होजवर क्लिपच्या कडेला तेलकट काळा पट्टा असतो आणि त्यावर रस्त्याची धूळ चिकटून जाड थर बसलेला असतो. हवेबरोबर तेलाचा बारीक फवारा तिथून बाहेर पडत असतो. साध्या गोल क्लिपऐवजी स्प्रिंगची, ताण धरून ठेवणारी क्लिप तिथे बसवा. नुसत्या तेवढ्यानंही गाडी उठायला लागल्याची उदाहरणं कमी नाहीत.

एअर फिल्टरचा रोध इंडिकेटरवर बघा. साधारण ६ किलोपास्कलच्या वर गेला की फिल्टर बदला, झटकून परत घालू नका. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवा: आडवा किंचित हलला तर चालतो, कारण बेअरिंग तेलावर तरंगतं, पुढे-मागे हालचाल जाणवली किंवा पातं घराला घासल्याची खूण दिसली तर टर्बो आधी दुरुस्त करा. वाढीव ताण अशा टर्बोवर टाकू नका. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला असेल तर ताज्या हवेची जागा जळलेला वायू घेतो आणि गाडी काळा धूर सोडते. तो काढून साफ करा, फिरतो का बघा.

मग डिझेलची बाजू. स्कॅनर लावून पूर्ण भाराखाली रेलचा (नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या नळीचा) मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी-शेजारी बघा. फरक ५० बारपेक्षा जास्त राहत असेल तर फिल्टर, फीड पंप, नोझलची गळती या क्रमाने तपासा. नोझलची रिटर्न टेस्ट सोपी आहे: सहाही नोझलच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन ठरावीक वेळ चालवा, ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल साठेल ती नोझल आतून झिजलेली.

उरलेल्या गोष्टी भराभर बघून होतात. पेडल पूर्ण दाबल्यावर स्कॅनरवर १०० टक्के दिसतंय का, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) कधी झालं, चालवून आल्यावर चारही ब्रेक ड्रम सारखेच गरम आहेत का (एखादा जास्त तापला तर ब्रेक धरून बसलाय), टायरचा दाब. रेडिएटर फॅनचा क्लच जाम होऊन फॅन कायम पूर्ण वेगाने फिरत असेल तर तो एकटाच दहा किलोवॅट किंवा जास्त खातो. तुम्ही रिमॅपमधून मागताय त्याच्या निम्मं तर तिथेच गेलं.

मर्यादा डिझेलची नाही, हवेची

डिझेल इंजिनात ताकद वाढवणं म्हणजे दर स्ट्रोकला जास्त डिझेल टाकणं. ते कुणीही करू शकतो. अडचण ते जाळायला लागणाऱ्या हवेची असते, आणि ती कमी आरपीएमला सगळ्यात जास्त. तुमच्याच इंजिनाचे आकडे घेऊ.

१,३०० आरपीएमला ७०० न्यूटन मीटर म्हणजे ९५ किलोवॅट. एका किलोवॅट-तासाला २०५ ग्रॅम डिझेल धरलं तर ताशी १९.५ किलो, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला साधारण ८३ मिलिग्रॅम. या वेगाला ५.७ लिटरचं इंजिन ०.८ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि ५० अंशांची हवा मिळाली तर ताशी सुमारे ३८८ किलो हवा ओढतं. प्रमाण पडलं २० ला १. धूर न काढता डिझेल जाळायला साधारण १८ ते २० पट हवा लागते, म्हणजे कंपनीने इथे फारशी ढील ठेवलेलीच नाही. आता टॉर्क १५ टक्के वाढवून ८०५ केला तर डिझेल ९६ मिलिग्रॅम लागेल. हवा तेवढीच राहिली तर प्रमाण १७ च्या जवळ येतं. काळा धूर सुरू, तापमान वर. प्रमाण परत २० वर आणायचं तर बूस्ट ०.८ वरून १.१ बारपर्यंत न्यावं लागतं, आणि तेही १,३०० आरपीएमला, जिथे टर्बोला फिरवायला एक्झॉस्टच पुरेसा नसतो.

उलट २,४०० आरपीएमला याच इंजिनाकडे हवा भरपूर असते. म्हणून डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर वरच्या टोकाला ४० हॉर्सपॉवर वाढलेले दाखवणं सोपं आणि चढावर १,३०० ला १०० न्यूटन मीटर धुराशिवाय देणं अवघड. जाहिरात पहिल्या आकड्याची होते, तुम्हाला गरज दुसऱ्याची आहे.

'मग बूस्ट वाढवू' म्हणाल तर त्यालाही हद्द आहे. ३० अंशांची हवा २.५ पट दाबली तर कंप्रेसरमधून ती सुमारे १५५ अंशांवर बाहेर पडते. तीन पट दाबली आणि टर्बो त्याच्या सोयीच्या टप्प्याबाहेर गेल्याने कार्यक्षमता घसरली तर २०० अंशांवर. गरम हवा विरळ असते, दाब वाढूनही ऑक्सिजन त्या मानाने वाढत नाही. इंटरकूलर तेवढं थंड करू शकतो का, हे मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान सांगतं: बाहेरच्या हवेपेक्षा ते २५-३० अंशांहून जास्त वर राहत असेल तर आधी इंटरकूलरच्या पाकळ्यांतली माती आणि आतलं तेल साफ करा, तरी फरक पडला नाही तर मोठा इंटरकूलर लागेल. आणि उंच ठिकाणी जाणार असाल तर लक्षात ठेवा, दर हजार मीटरला हवा साधारण १० टक्के विरळ होते. तोच बूस्ट द्यायला टर्बोला तिथे जास्त वेगाने फिरावं लागतं. कंपनीने ईसीयूत भरलेल्या आकड्यांत उंचीनुसार बूस्ट कमी करणारा तक्ता असतो. तो ट्यूनरने उडवला तर डोंगरात टर्बो मर्यादेबाहेर फिरतो आणि त्याचं आतलं चाक तुटतं. त्या तक्त्याला हात लावायचा नाही, हे बजावून सांगा.

एक्झॉस्टचा मीटर

कुठल्याही बदलाच्या आधी हा बसवा, आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर तुमच्या नेहमीच्या चढावर किती तापमान येतं ते लिहून ठेवा. के टाइपचा थर्मोकपल (तापमान मोजणारा प्रोब) घ्या, टोक ३ मिलिमीटर जाडीचं. जागा टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये. टर्बोच्या नंतर लावला तर भाराखाली १०० ते १५० अंश, कधी त्याहून जास्त, कमी दिसतं आणि तो फरक भारानुसार बदलतो. त्या आकड्यावर विसंबून इंजिन वाचत नाही. सहा सिलिंडरच्या मॅनिफोल्डमध्ये बहुधा तीन-तीन सिलिंडरचे दोन वेगळे मार्ग असतात, एका प्रोबला निम्मंच इंजिन दिसतं. जमलं तर दोन्हीकडे लावा.

भोक ८.७ मिलिमीटरचं, त्यात एक-अष्टमांश इंची पाइपचे आटे. टर्बो उतरवून भोक पाडणं सगळ्यात चांगलं. बिडाचा एक जरी कण आत राहिला तरी तो सरळ टर्बाइनच्या पात्यावर जाऊन आदळतो. टर्बो जागेवर ठेवून करणारे मिस्त्री ड्रिलला घट्ट ग्रीस थापतात आणि शेवटचा मिलिमीटर इंजिन आयडलवर चालू ठेवून पाडतात, म्हणजे वायू चुरा बाहेर फेकतो. चालतं, पण आम्ही टर्बो उतरवायच्या बाजूचे. प्रोबचं टोक वायूच्या मध्यावर आलं पाहिजे, भिंतीलगत नाही. आट्यांना उष्णता सोसणारं अँटी-सीझ लावा, नाहीतर पुढच्या वेळी प्रोब तुटूनच निघेल.

आकडे असे ठेवा: लांब चढावर सतत ६८० अंश सेल्सियसच्या आत. ७२० दिसले की पाय उचलायचा. अॅल्युमिनियमच्या पिस्टनला खालून तेलाचे फवारे थंड ठेवतात म्हणून तो टिकतो. वायू मर्यादेबाहेर तापला की आधी पिस्टनच्या वाडग्याची कड भेगाळते, मग वरच्या रिंगची खाच ढिली होते, तेल जळायला लागतं. हे एका फेरीत होत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही.

पेटी आणि रिमॅप

तुम्हाला दिली जाणारी पेटी बहुतेक रेल प्रेशर सेन्सरच्या तारेत बसते. सेन्सर जे सांगतो त्यापेक्षा कमी दाब ती ईसीयूला कळवते. ईसीयूला वाटतं दाब पडलाय, तो पंपाला आणखी दाब द्यायला लावतो, आणि नोझल तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडते. आता गणित बघा. नोझलमधून जाणारं डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. १८० चे २२० हॉर्सपॉवर करायचे तर डिझेल २२ टक्के जास्त हवं, म्हणजे दाब जवळपास दीडपट. मूळ १,६०० बार असेल तर २,४००. तुमचा पंप, रेल आणि नोझल त्यासाठी बनलेलेच नाहीत. रेलचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याआधीच उघडेल, गाडी लिंप मोडमध्ये जाईल (ईसीयू ताकद कापून जेमतेम चालवेल), आणि एकदा जोरात उघडलेला तो व्हॉल्व्ह पुष्कळदा नंतर नीट बसत नाही, मग सुरू करतानाच दाब बनत नाही. म्हणजे ४० चा दावा एकतर खोटा किंवा धोक्याचा. तिसरी शक्यता नाही. महागड्या पेट्या नोझलच्या आणि बूस्टच्या तारांनाही जोडतात, त्या थोड्या बऱ्या. पण ईसीयूला फसवूनच काम करायचं हे त्यांचंही सूत्र आहे, आणि बूस्ट सेन्सरला फसवलं की जास्त बूस्ट झाल्यावर थांबवणारं कुणी उरत नाही.

रिमॅपमध्ये ईसीयूतले तक्तेच बदलतात. नीट काम म्हणजे ड्रायव्हरची मागणी, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, बूस्टचं लक्ष्य, रेलचा दाब आणि इंजेक्शनची वेळ हे सगळं एकमेकांशी जुळवून बदलणं. घाईचं काम म्हणजे एकच तक्ता खोटा करणं: 'अमुक मिलिग्रॅमसाठी नोझल अमुक वेळ उघड' हा. त्यात वेळ वाढवून ठेवली की ईसीयू ८३ मिलिग्रॅम टाकतोय समजून प्रत्यक्षात ९६ टाकतो. धुराची मर्यादा निकामी, युरियाची मात्रा चुकलेली, आणि गंमत म्हणजे डॅशबोर्डवर ॲव्हरेज वाढलेलं दिसतं, कारण जादा टाकलेलं डिझेल ईसीयूच्या हिशेबातच नाही! 'रिमॅपने डिझेल वाचतं' हा दावा निम्म्या वेळा इथून येतो. टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, परत फुल करून मोजा, तेवढंच खरं.

वेळेचा मुद्दा नाजूक आहे. १,३०० आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला ०.१३ मिलिसेकंद लागतात. नोझल ०.३ मिलिसेकंद जास्त उघडी राहिली तर इंजेक्शन सव्वादोन अंश उशिरा संपतं. उशिरा पडलेलं डिझेल पिस्टन खाली जाताना जळतं, त्याचं काम कमी होतं आणि उष्णता सरळ एक्झॉस्टमध्ये जाते. म्हणून ट्यूनर सुरुवात थोडी आधी आणतो. त्याने एक्झॉस्ट थंड होतो, पण सिलिंडरमधला कमाल दाब चढतो, हेड बोल्टवर ताण येतो, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. एक-दीड अंशाच्या पुढे गेलेला ट्यूनर एक्झॉस्टच्या मीटरवर छान दिसतो आणि काही महिन्यांनी हेड गॅस्केट घालवतो. बाहेरून दिसणारी खूण म्हणजे भाराखाली रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे आणि पाण्याचा वाढलेला दाब.

एक काम तुम्ही स्वतः करू शकता. तुमचंच इंजिन कंपनी जास्त हॉर्सपॉवरमध्येही विकते का ते बघा, आणि विकत असेल तर दोन्हीचे पार्ट नंबर ताडून बघा: पिस्टन, नोझल, टर्बो, ऑइल कूलर, हेड गॅस्केट. पाचही नंबर सारखे असतील तर त्या वरच्या रेटिंगपर्यंत जाणं सुरक्षित आहे. पिस्टन किंवा टर्बोचा नंबर वेगळा असेल, तर तुमच्या पार्टची हद्द कुठे आहे हे कंपनीनेच तुम्हाला सांगून ठेवलंय.

जाळी, ईजीआर, युरिया

ही काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि गाडी तपासणीत अडकते, हा एक भाग. पण तांत्रिकदृष्ट्याही तुम्हाला त्यातून फारसं काही मिळत नाही. पूर्ण भाराला ईजीआर व्हॉल्व्ह तसाही जवळपास बंद असतो, तो कायमचा बंद करून चढावरचा टॉर्क वाढत नाही. जाळी साफ असेल तर तिचा रोध थोडाच असतो. ती सारखी भरत असेल तर इंजिन धूर जास्त काढतंय, मूळ दुखणं तिथे शोधा. वाईट ट्यूनिंगची हीच पहिली परीक्षा समजा: रिमॅपनंतर रीजनरेशन (जाळीतली काजळी जाळून टाकणं) आधीपेक्षा दुप्पट वेळा व्हायला लागलं तर हवा-डिझेलचं प्रमाण बिघडलंय. नायट्रोजन ऑक्साइड एससीआरच्या (युरियाने ते कमी करणाऱ्या यंत्रणेच्या) आवाक्याबाहेर गेले तर सेन्सर तक्रार नोंदवतो आणि ईसीयू स्वतःच टॉर्क कापतो, म्हणजे वाढवलं होतं त्यापेक्षा जास्त गेलं. वॉरंटी चालू असेल तर कुठलाच रिमॅप करू नका, ईसीयूत किती वेळा फ्लॅश झालं (नवी फाइल लिहिली गेली) याची नोंद राहू शकते. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो.

क्लच आणि मागचं सगळं

गिअरबॉक्सच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात कमाल इनपुट टॉर्क दिलेला असतो. ८०५ त्याच्या आत बसतोय का बघा. बसत नसेल तर विषय तिथेच संपला. क्लचची परीक्षा रिमॅपच्या आधी घ्या: भरलेली गाडी, वरचा गिअर, १,२०० आरपीएम, पेडल एकदम पूर्ण. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर क्लच आत्ताच घसरतोय, नवी क्लचप्लेट आणि प्रेशरप्लेट जास्त टॉर्कची घेऊनच पुढे जा. पहिल्या गिअरचं प्रमाण ९ आणि क्राउन-पिनियनचं ५.३ असेल तर ७०० चे ॲक्सलवर ३३,००० न्यूटन मीटरच्या वर होतात, ८०५ चे ३८,००० च्या वर. ॲक्सल शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट तुटतात ते चढावर उभी गाडी उचलताना, पळताना नाही. म्हणून १,१०० आरपीएमच्या खाली आणि पहिल्या दोन गिअरला टॉर्क मूळचाच ठेवायला सांगा. चांगल्या ट्यूनरला हे सांगावं लागत नाही.

कामाच्या दिवशी

मूळ फाइल वाचून झाल्यावर तिची एक प्रत तुमच्याकडे घ्या, 'आमच्याकडे आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नका. फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर पुरवठा जोडलेला हवा, २४ व्होल्टच्या गाडीला २६ ते २८ व्होल्ट. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धा लिहिलेला राहतो आणि गाडी जागची हलत नाही. पहिल्या टप्प्यात १० टक्केच वाढवा. त्याच चढावर, तेवढ्याच वजनाने, त्याच गिअरमध्ये आधी आणि नंतर नोंदी घ्या: आरपीएम, बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, रेलचा दाब मागितलेला आणि मिळालेला, मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, एक्झॉस्ट. पाणी आधीपेक्षा पाच अंशांहून जास्त चढत असेल तर रेडिएटर आणि फॅनचं काम आधी. मिळालेला बूस्ट मागितलेल्याच्या ०.१ बारच्या आत राहत असेल, एक्झॉस्ट ६८० च्या आत असेल आणि मागे काळा लोट नसेल, तर काही आठवडे चालवा आणि मगच १५ चा विचार करा. तेलाचा नमुना आधी एकदा आणि नंतरच्या बदलाच्या वेळी एकदा तपासणीला पाठवा; काजळी आणि लोखंड वाढलेलं दिसलं तर तेल बदलण्याचं अंतर कमी करा.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्या असलेल्या वाचकांसाठी एवढंच: तिथे फुल लोडचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. रोटरी पंपावर तो जास्त आत गेला की आयडलही चढतो आणि इंजिन हाताबाहेर पळू शकतं. हवेची मर्यादा तिथेही हीच, फक्त थांबवायला ईसीयू नाही.

ड्रायव्हरला मीटर दाखवून दोन गोष्टी सांगा. तापमान चढायला लागलं तर गिअर खाली घ्यायचा, वरच्या गिअरला पेडल दाबून रेटायचं नाही. आरपीएम वाढले की हवा वाढते आणि दर स्ट्रोकला लागणारं डिझेल कमी होतं, काही सेकंदांत काटा खाली येतो. आणि चढ संपवून थांबायचं झालं तर एक्झॉस्ट २०० अंशांच्या खाली आल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच करपतं.

राहिला मोकळा एअर फिल्टर. तो इंजिनाच्या खोलीतली हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि आत ६० असेल तर हवा ९ टक्के विरळ मिळते, म्हणजे रिमॅपने मिळवलेलं बरंचसं इथेच परत गेलं, शिवाय धूळ जास्त आत जाऊन कंप्रेसरची पाती झिजतात. मूळ घड्यांच्या कागदाचा फिल्टर नवा घाला, डब्याच्या झाकणाची रबरी सील दबलेली असेल तर तीही बदला आणि हवा ओढणाऱ्या नळकांड्याला खाली भेग नाही ना ते हात फिरवून बघा.